गल्लीची रुंदी आधी सांगा

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात पुण्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला होता 'तंत्रज्ञान आणि तरुण'. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोलेन, असं तुम्हाला वाटलं असेल. पण मी आज बंबावर बोलणार आहे. न्हाणीघरातला तांब्याचा बंब नव्हे, आगीचा लाल बंब. शहर तो बंब कसा विकत घेतं, घेताना मध्येच बदल कसे सुचतात आणि त्या बदलांचे पैसे कोण भरतं, एवढाच विषय आहे. ऐकायला रुक्ष वाटेल, पण आपल्या मोहल्ल्यांशी याचा फार जवळचा संबंध आहे.

सुरुवात माझ्या गल्लीपासून करतो. मी आठवीत होतो. आमच्या गल्लीत आतल्या बाजूला एका चाचांचं शिवणकामाचं दुकान होतं. रात्री शॉर्ट सर्किट झालं आणि कापडाने पेट घेतला. बंब वेळेवर आला, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबला. एका बाजूला स्कूटर, सायकली, एक हातगाडी. दुसऱ्या बाजूला लोकांनी पुढे काढलेले ओटे आणि एक लोखंडी जिना. जवानांनी होज पाईप एकाला एक जोडत धावत आत नेला. एक होज साधारण १५ मीटरचा असतो. जितके होज जोडाल तितका वेळ जातो आणि टोकाला पाण्याचा जोरही कमी होतो. जीव कुणाचा गेला नाही. दुकान मात्र गेलं. ईदच्या आधीचे दिवस होते, लोकांचे शिवायला दिलेले कपडेही गेले.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली चाचांसाठी उभी राहिली. कुणी मशीन दिलं, कुणी चंदा गोळा केला, अम्मीने आठवडाभर त्यांच्या घरी डबा पाठवला. पण गल्ली किती फुटांची आहे आणि बंब किती फुटांचा असतो, हा प्रश्न कुणीही विचारला नाही. मीही विचारला नाही. तो मला सुचला वीस वर्षांनी, ऑफिसात बसून.

आता बंब कसा बनतो ते बघू. बंब शोरूममधून मोटार आणावी तसा येत नाही. खाली ट्रकची चॅसी असते. ती ट्रक बनवणारी मोठी कंपनी देते. तिच्यावर बॉडी बांधणारा कारखाना वेगळा असतो. तो पाण्याची टाकी बसवतो, पंप बसवतो, होजचे कप्पे, शिडी, दिवे, सायरन, जवानांची बसायची जागा सगळं करतो. पाण्याच्या बंबांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ९४८ आणि आयएस ९५०. पण मानक किमान गोष्टी सांगतं. टाकी किती लिटरची, पंप मागे की मध्ये, कप्प्याला शटर की दार, अशा अनेक गोष्टी घेणाऱ्याला ठरवाव्या लागतात.

कागदाचा प्रवास असा असतो. दल गरज कळवतं. अंदाजपत्रकात तरतूद होते. तांत्रिक तपशील लिहिला जातो. निविदा निघते. निविदापूर्व बैठकीत कंपन्या शंका विचारतात, त्यावर शुद्धिपत्रक निघतं. दर उघडतात, मंजुरी होते, कार्यादेश दिला जातो. मग चॅसी येते, बॉडी बांधली जाते, तपासणी होते, आरटीओत नोंदणी होते आणि बंब केंद्रात येतो. कार्यादेशापासून बंब दारात येईपर्यंत कित्येक महिने जातात. आणि नेमक्या याच महिन्यांत लोकांना गोष्टी आठवायला लागतात.

कुणी म्हणतं, टाकी थोडी मोठी करा. कुणी म्हणतं, मागे कॅमेरा हवा. असा प्रत्येक बदल कागदावर आला की त्याला इंग्रजीत चेंज ऑर्डर म्हणतात. आमच्या धंद्यात चेंज रिक्वेस्ट म्हणतात. हिंजवडी-मगरपट्ट्यात काम करणाऱ्यांना 'सीआर' हा शब्द पाठ असतो.

'टाकी थोडी मोठी करा' हे वाक्य किती साधं वाटतं! हिशोब करू. समजा टाकी ४,५०० लिटरची ठरली होती, ती ६,००० लिटरची करायची. दीड हजार लिटर पाणी वाढलं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे गाडीवर दीड टन वजन वाढलं. मागच्या आसावर भार वाढला. आधी घेतलेली चॅसी तेवढा भार पेलेल का, हे पाहावं लागतं. नसेल पेलत तर चॅसीच बदलायची. टाकी लांब झाली की कप्पे सरकतात. गाडी लांब झाली की वळायला जागा जास्त लागते. ब्रेक, स्प्रिंग, तोल सगळं पुन्हा तपासायचं आणि आराखडा पुन्हा मंजूर करून घ्यायचा. हाच आकडा निविदेआधी बदलला असता, तर खर्च काय होता? कागदावर ४,५०० खोडून ६,००० लिहिण्याचा.

सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट पाठ्यपुस्तकात शिकवतात. बॅरी बोहम या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ च्या त्याच्या ग्रंथात मांडलं, की मोठ्या प्रकल्पात जी चूक मागणी लिहिताना दुरुस्त करायला एक रुपया लागतो, ती प्रणाली वापरात आल्यावर दुरुस्त करायला शंभर रुपयांपर्यंत लागू शकतात. चूक तीच असते. उशीर तिला महाग करतो.

पण फक्त तांत्रिक कारणानेच बदल महाग होतो असं सांगितलं, तर मी तुमच्याशी अर्धं खरं बोललो असं होईल. उरलेलं खरं माझ्या स्वतःच्या नोकरीतलं आहे.

मी नवीन होतो. आम्ही एका ग्राहकासाठी हिशोबाची प्रणाली बनवत होतो. चाचणीच्या वेळी ग्राहकाच्या लक्षात आलं, की एका अहवालात एक रकाना राहिला आहे. काम दोन दिवसांचं होतं. मी अंदाज लिहिला, दोन दिवस. माझ्या वरच्याने तो कागद परत पाठवला आणि म्हणाला, बारा लिही. मी विचारलं, का? तो हसून म्हणाला, "आपण टेंडर कमी दरात घेतलंय. कमाई इथेच करायची असते. आता ते जाणार कुठे?"

मी बारा लिहिलं. ग्राहकाने पैसे दिले. मला वर्षअखेरीला चांगला शेरा मिळाला. ती कंपनी कुठली हे महत्त्वाचं नाही, कारण तशी पद्धत पुष्कळ ठिकाणी असते. 'आता ते जाणार कुठे' हे वाक्य मात्र लक्षात ठेवा.

निविदा उघडेपर्यंत घेणारा राजा असतो. पाच कंपन्या त्याच्या दारात उभ्या असतात. कार्यादेश दिला की चित्र उलटं होतं. चॅसी एकाच्या आवारात उभी असते, टाकी अर्धी वेल्ड झालेली असते. आता बदलाचा दर दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. तो सांगेल तो दर.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा शहराला दहा बंब घ्यायचे आहेत. एक कंपनी म्हणते, ६० लाखांना एक. दुसरी म्हणते ६२ लाख. पहिलीला काम मिळालं, दहा बंबांमागे आपले २० लाख वाचले, बातमी छापून आली. मग बदल सुरू झाले. दर बंबामागे साडेतीन लाखांचे. बंब पडला साडेत्रेसष्ट लाखांना. दुसऱ्या कंपनीने समजा या सगळ्या गोष्टी आधीच धरून ६२ सांगितले असतील, तर दहा बंबांमागे आपण १५ लाख जास्त मोजले. आणि ही बातमी कुठेच छापून येत नाही, कारण ती एका दिवसात घडत नाही.

आणखी एक खर्च आहे, तो रुपयांत दिसत नाही. करारात उशिरासाठी दंड असतो. पण तुम्ही मध्येच बदल मागितला, की पुरवठादार म्हणतो, उशीर तुमच्यामुळे झाला, मुदत वाढवून द्या. मुदत वाढते, दंड गळून पडतो. तोवर जुना बंब जास्त दिवस पळवावा लागतो.

जुन्या बंबांचं म्हणाल, तर १ एप्रिल २०२३ पासून देशभर नियम आला, की सरकारी मालकीच्या वाहनांना १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण होणार नाही. महापालिकांची वाहनंही त्यात आली. म्हणजे नवीन बंब घेणं आता टाळता येणार नाही. शिवाय २०२३ मध्येच केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवेच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना जाहीर केली. पुढची काही वर्षं शहरोशहरी बंबांची खरेदी होत राहील. म्हणून हा विषय आजचा आहे.

हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेत प्रत्येक शहर आपला बंब आपल्या मापाने बांधून घेतं. तिथे या व्यवसायाचा बराच भाग थोड्या बड्या कंपन्यांच्या हातात गेला आहे, आणि नव्या बंबासाठी दोन-दोन, चार-चार वर्षं थांबावं लागतं, अशी तक्रार आहे. इतकं थांबायचं म्हटल्यावर मधल्या काळात अधिकारी बदलतात, नियम बदलतात, बदलांची यादी लांबते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस जळत होतं तेव्हा तिथल्या दलाची शंभरावर वाहनं दुरुस्तीसाठी उभी होती, अशा बातम्या आल्या. श्रीमंत शहरालाही उभा बंब आग विझवून देत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. चेंज ऑर्डर हा शब्द तुम्हाला परका वाटला असेल, पण त्याचा मोठा भाऊ आपल्या ओळखीचा आहे. त्याचं नाव 'सुप्रमा'. सुधारित प्रशासकीय मान्यता. काम एका किमतीला मंजूर झालं, पुढे खर्च वाढला, की सुप्रमा घ्यायची.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८३ साली त्याचा अंदाज ३७२ कोटींचा होता. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. २०१६ पर्यंत त्याची किंमत १८ हजार कोटींच्या पुढे गेली. ही सगळी वाढ म्हणजे चोरी, असं मी म्हणत नाही. महागाई असते, जमिनीचे दर वाढतात, पुनर्वसनाचा खर्च वाढतो. पण २००९ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली, तेव्हा लोकांनी विचारलं, की इतक्या थोड्या दिवसांत असं काय बदललं? २०१२ मध्ये त्यावरून राज्यात वादळ उठलं. सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली आणि जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

तुम्ही म्हणाल, कुठे धरण आणि कुठे बंब. आकडे वेगळे आहेत, हे खरं. पण दोन्हीकडे घडतं ते एकच. सुरुवातीला अर्धवट कागद, मग काम सुरू, मग 'आता मागे फिरता येणार नाही', मग वाढीव खर्च.

पुण्यातलंही एक उदाहरण देतो. २२ जून २०१७ रोजी आपल्या महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी मुंबई शेअर बाजारात २०० कोटींचे रोखे आणले. व्याज ७.५९ टक्के. देशभर कौतुक झालं. पण त्या योजनेच्या निविदा अंदाजापेक्षा चढ्या दराने आल्या होत्या, त्यावर टीका झाली, आणि दोनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, त्या रद्द करून पुन्हा काढायची वेळ आली. कर्ज आधी आलं, काम मागे राहिलं. निविदा रद्द केली हे योग्यच झालं, कारण महाग करार करून नंतर रडण्यापेक्षा आधी थांबलेलं बरं. पण शहाणपण आणखी दोन महिने आधी आलं असतं, तर व्याजाचं मीटरही उगाच फिरलं नसतं.

मग बदल कधीच करायचा नाही का? तसं नाही. बदल तीन प्रकारचे असतात, ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला, जग बदलल्यामुळे आलेला बदल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ वाहनांची विक्री बंद झाली. जुन्या चॅसीवर तपशील लिहून ठेवलेल्याला तो बदलावाच लागला. यात कुणाचा दोष नाही. उंच इमारतींसाठीच्या शिडीच्या गाड्या परदेशातून येतात, उदाहरणार्थ फिनलंडच्या ब्रॉन्टो स्कायलिफ्टच्या. तिथे युरोचा भाव हलला तरी हिशोब हलतो.

दुसरा, विसरल्यामुळे आलेला बदल. बंब चालवणाऱ्या ड्रायव्हरला कुणी विचारलंच नाही. केंद्राच्या दाराची उंची कुणी मोजलीच नाही. गल्ली कुणी पाहिलीच नाही. हा आळसाचा बदल आहे आणि सगळ्यात जास्त पैसा बहुधा यातच जातो.

तिसरा, मुद्दाम ठेवलेला बदल. निविदेत एखादी गोष्ट जाणूनबुजून मोघम ठेवायची, म्हणजे नंतर कमाईला जागा राहते. माझे बारा दिवस याच जातीचे होते.

सरकारलाही हे माहीत आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ नमुन्याच्या करारात ३८ वं कलम असतं. एखाद्या बाबीचं काम ठरल्यापेक्षा वाढलं, तरी साधारण २५ टक्क्यांपर्यंत दर तोच राहतो. म्हणजे बदल होणार हे गृहीत धरून त्याला कुंपण घातलेलं आहे. पण कुंपणावर कुणाची तरी नजर लागते. पुण्यात १४ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. स्थायी समितीत विरोधी पक्षाचा एखादा सदस्य उठून 'हा वाढीव खर्च कशाचा?' असं विचारायचा, तो प्रश्न विचारणारंच कुणी उरलं नव्हतं. मी आज कुठल्या अधिकाऱ्यावर आरोप करायला उभा नाही. विचारणारा नसला की चांगल्या माणसाचाही हात सैल होतो, एवढंच म्हणतो.

आता आपल्याबद्दल बोलतो, आणि थोडं कडू बोलतो.

२६ मार्च २०२१ च्या रात्री कॅम्पातला फॅशन स्ट्रीट जळाला. शेकडो दुकानं गेली. त्यातली कितीतरी आपल्या ओळखीच्या पोरांची होती. त्याच्या दहा दिवस आधी जवळच्याच शिवाजी मार्केटला आग लागली होती. २५ मे २०२३ च्या पहाटे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला आग लागली. दाटीवाटी, लाकूड, कापड, अरुंद वाटा. प्रत्येक वेळी आपण धावून गेलो. पाण्याच्या बाटल्या, डेगभर जेवण, चंदा, सगळं केलं. आग लागल्यावर आपण फार चांगली माणसं असतो. निविदा निघते तेव्हा मात्र आपण कुठेच नसतो.

मग आपण म्हणतो, आमच्या वस्तीकडे कुणी लक्ष देत नाही. असेलही खरं. दुर्लक्ष होतं, हे मी नाकारत नाही. पण आपली मागणी कधी कागदावर गेलीच नसेल, तर दुर्लक्ष झालं हे सिद्ध तरी कसं करणार? न दिलेल्या अर्जाला नकार मिळत नसतो. आणि ही गोष्ट एकट्या आपल्या वस्तीची नाही. कसब्यातला वाडा असो, मोमिनपुरा असो, नाना पेठ असो की कोंढव्यातल्या खेटून उभ्या राहिलेल्या इमारती असोत, आगीला पत्ता आणि आडनाव विचारायची सवय नाही.

पुन्हा माझ्या गल्लीत चला. मोठ्या झाल्यावर मी टेप घेऊन ती मोजली. मोकळी असताना तीन मीटर. मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर असू शकते. म्हणजे मोठा बंबही कसाबसा शिरू शकतो. पण एका बाजूला स्टँडवर लावलेल्या दुचाकींची रांग पाऊण मीटर खाते. उरले सव्वादोन मीटर. बंब संपला. शिडीची गाडी तर विसराच. तिला नुसतं आत यायला जागा पुरत नाही. शिडी उभारण्याआधी चारही बाजूंना पाय पसरून जमिनीवर घट्ट टेकावे लागतात. चिंचोळ्या वाटेत कोट्यवधींची शिडी नुसती उभी राहून बघते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, शहर बंब घेतं तेव्हा त्यातले काही लहान, अरुंद गल्लीत जाणारे असले पाहिजेत, आणि ही गरज तपशील लिहिण्याआधी दलापर्यंत पोचली पाहिजे. बंब आल्यावर तो लहान करता येत नाही. दुसरी, ती दुचाकींची रांग आपली आहे. तो ओटा आपला आहे, तो लोखंडी जिनाही आपलाच आहे. त्याच्यासाठी कुठलीच निविदा काढावी लागत नाही.

म्हणून तुम्हाला चार कामं देतो. सॉफ्टवेअरवाला आहे, यादी दिल्याशिवाय राहवत नाही.

पहिलं, मोजा. आपापल्या मोहल्ल्यातल्या गल्ल्या टेपने मोजा. रुंदी, वळणाचा कोन, लोंबणाऱ्या वायरींची उंची, बंबाला पाणी कुठून भरता येईल ती जागा. रविवारी सकाळी चार पोरं-पोरी बसली तर एका वस्तीचं काम होतं. त्याचा एक साधा नकाशा करा आणि जवळच्या अग्निशमन केंद्रात नेऊन द्या. पोच घ्या. तिथल्या जवानांबरोबर चहा प्या. गल्लीत अडकण्याचा अनुभव त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे, आणि कदाचित त्यांनाही कुणी विचारलेलं नसेल.

दुसरं, वाचा. राज्यातल्या निविदा महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर असतात. बंबाची निविदा निघाली की तपशील उघडून बघा. गाडीची रुंदी लिहिली आहे का? वळायला लागणारी जागा लिहिली आहे का? 'आवश्यकतेनुसार', 'योग्य दर्जाचे' असे शब्द दिसले की पेन्सिलने खूण करा. मोघम शब्द म्हणजे उद्याचा वाढीव खर्च. मुदत संपण्याआधी अग्निशमन दलाला आणि आयुक्तांना लेखी कळवा, म्हणजे शुद्धिपत्रकात दुरुस्ती होऊ शकते. एका पानाचं पत्र पुरतं.

तिसरं, विचारा. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे, अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा भाषण लिहू नका. तीनच गोष्टी मागा. कार्यादेशातला मूळ तपशील आणि किंमत. त्यानंतर केलेला प्रत्येक बदल, त्याचं कारण, रक्कम आणि मंजुरी देणाऱ्याचं पद. ठरलेली तारीख, प्रत्यक्ष तारीख आणि वसूल झालेला दंड. उत्तर आलं की रागावण्याआधी वाचा. बदल पहिल्या प्रकारचा असेल तर तसं मोकळेपणाने म्हणा. आणि एक लक्षात ठेवा, सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत आपल्या पुणे महापालिकेतच रुजली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने ती इतर कार्यालयांसाठीही घेतली. जा आणि सांगा, आम्हाला फाइल बघायची आहे.

चौथं, मागा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. त्यातून बंब मिळणार नाही, ती कामं लहान असतात. पण गल्लीच्या तोंडाशी बंबाच्या वाटेचे पट्टे आखून द्या, असं मागता येतं. आपल्या किती लोकांनी हा अर्ज आजवर भरला आहे? हात वर करा. बघा, दोन हात. पुढच्या वर्षी निदान वीस व्हावेत.

महापालिकेकडेही एक मागणी करू या. आमच्याकडे प्रत्येक प्रणालीला बदलांची नोंदवही असते. कोणी, कधी, काय, का बदललं. तशी एक वही प्रत्येक मोठ्या खरेदीला असावी. एक पान. बदल, कारण, रक्कम, वाढलेले दिवस आणि सही. ती संकेतस्थळावर लागावी. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सांगतं, की महत्त्वाची माहिती न मागता जाहीर करा. म्हणजे नवीन कायदा नको, आहे तोच पाळा.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांची यादी आहे. त्यात सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे. बंब ही सरकारची मेहेरबानी नाही. तो आपल्या करातून घेतलेला आपला बंब आहे. तो घ्यायच्या आधी आपल्याला विचारलं पाहिजे, आणि कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगितलं पाहिजे.

ते चाचा आता नाहीत. त्यांच्या मुलाने दुकान पुन्हा उभं केलं, त्याच जागी. मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. गल्लीत आठ दुचाकी होत्या, त्यातली एक माझ्या भावाची. मी भावाला म्हटलं, गाडी बाहेर रस्त्यावर लाव, थोडं चालावं लागेल. तो म्हणाला, "भाई, मी एकट्याने काढून काय होणार?" मी म्हटलं, सव्वादोनाचे तीन मीटर कुठून तरी सुरू व्हायला हवेत. दुसऱ्या दिवशी त्याने गाडी काढली. आता सात राहिल्या आहेत. आम्ही दोघं त्यांच्या मालकांकडे एकेक करून जातो आहोत.

येत्या रविवारी टेप आणायला विसरू नका.